डोव्हर खटला: विज्ञानाने जिंकला की टायपिंगच्या चुकीने?

तळटीप
पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या खटल्याला वीसेक वर्षं झाली. उत्क्रांतीवर वाद निघाला की कुणीतरी 'कोर्टानेच सांगितलंय' म्हणून हा खटला तोंडावर फेकतो, म्हणून हा धागा.

थोडक्यात प्रकरण असं: १८ ऑक्टोबर २००४ रोजी डोव्हरच्या शाळा-मंडळाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठराव केला. त्यावरून पुढच्या महिन्यात ठरलं की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांती शिकवण्याआधी चार परिच्छेदांचं निवेदन वाचायचं. डार्विनची थिअरी ही थिअरी आहे, वस्तुस्थिती नव्हे. तिच्यात फटी आहेत. इंटेलिजंट डिझाइन (पुढे आयडी), म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले हे मत, हे वेगळं स्पष्टीकरण आहे आणि ज्याला हवं त्याच्यासाठी 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक उपलब्ध आहे. ११ पालक कोर्टात गेले. २० डिसेंबर २००५ ला न्या. जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकालात हे धोरण घटनाबाह्य ठरवलं.

माझं मत: विज्ञान जिंकलं असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. अमेरिकन घटनेच्या पहिल्या दुरुस्तीप्रमाणे सरकारी शाळेला धर्म पुढे रेटता येत नाही, एवढ्याच खुंटीला खटला टांगलेला होता. मग प्रश्न असा की उद्या आपल्या पाठ्यपुस्तकात असा एखादा साळसूद परिच्छेद आला तर आपण नेमकं काय तपासायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शेंडीतुटो
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. धागा शंभरी गाठणार.

मोडीवाचक
खुंटी कायद्याची होती, पण दोर पाठचिकित्सेचा (एकाच मजकुराच्या प्रती ताडून बघण्याचा) होता. त्याबद्दल फारसं बोललं जात नाही म्हणून सविस्तर लिहितो.

प्रतिवादींचं म्हणणं होतं की आयडी म्हणजे निर्मितीवाद (देवाने प्रत्येक जीव वेगळा निर्माण केला हे मत) नव्हे, त्याचा बायबलशी संबंध नाही. वादींच्या वकिलांनी प्रकाशकाला समन्स काढून 'पांडाज'चे जुने कच्चे खर्डे मागवले. बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेने ते एकाखाली एक लावून वाचले. आधीच्या खर्ड्यांत व्याख्या साधारण अशी: निर्मिती म्हणजे सजीवांची निरनिराळी रूपं एका बुद्धिमान निर्मात्याकरवी एकदम अवतरली, मासे कल्ल्या-खवल्यांसकट, पक्षी पिसं-चोचींसकट. नंतरच्या खर्ड्यात वाक्य तेच, मासे तेच, पिसं तीच. फक्त 'निर्मिती'च्या जागी 'इंटेलिजंट डिझाइन' आणि 'निर्माता'च्या जागी 'कर्तृत्व'. पुस्तकभर अशी दीडशेच्या आसपास अदलाबदल.

ही अदलाबदल झाली कधी? १९८७ साली. त्याच वर्षी १९ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुइझियाना राज्याचा 'उत्क्रांतीबरोबर निर्मितीविज्ञानही शिकवा' हा कायदा ७ विरुद्ध २ ने रद्द केला. त्या वर्षीच्या एका खर्ड्यात जुना शब्द, दुसऱ्यात नवा.

आणि मग ती प्रसिद्ध जागा. 'क्रिएशनिस्ट्स' (creationists, निर्मितीवादी) खोडून 'डिझाइन प्रोपोनंट्स' (design proponents, डिझाइनचे पुरस्कर्ते) लिहायचं होतं. निवडताना जुन्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि शेवटचा तुकडा सुटला. खर्ड्यात उरलं 'सी-डिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स' (cdesign proponentsists). पुढे जुन्याचं डोकं, मागे जुन्याची शेपटी, मधे नवीन धड.

हस्तलिखितांवर काम करणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली, ती बाराशेहून अधिक पोथ्या ताडून. कुठली पोथी कुणावरून उतरली हे बरोबर पाठावरून ठरत नाही, कारण बरोबर पाठ सगळ्यांकडेच असतो. ठरतं ते चुकांवरून. दोन पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच ओळ गळली असेल तर दोघींची आई एक.

वरणफळ
'राम'च्या जागी सगळीकडे 'श्याम' केलं की 'आराम'चं 'आश्याम' होतं, तसलाच प्रकार. देवाने सृष्टी निर्माण केली असेल, पण फाइंड अँड रिप्लेस सैतानाने केलंय.

गुणसूत्र_४६
मोडीवाचक, तुमचा शेवटचा परिच्छेद चोरतो. सामाईक पूर्वजाचा पुरावा नेमका याच पद्धतीचा आहे, आणि त्यातला एक नमुना वादींचा पहिला साक्षीदार केनेथ मिलर याने याच कोर्टात मांडला.

माणसाची गुणसूत्रं ४६, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांची ४८. पूर्वज एक असेल तर एक जोडी गेली कुठे? हरवली म्हणायची सोय नाही, एवढी जनुकं हरवल्यावर प्राणी जगत नाही. मग दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटली असली पाहिजेत. तसं असेल तर खूण कुठे सापडेल हे बघण्याआधीच सांगता येतं. गुणसूत्राच्या प्रत्येक टोकाला टी-टी-ए-जी-जी-जी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात, बुटाच्या नाडीच्या टोकावरच्या प्लास्टिकसारखी. दोन टोकं तोंडाला तोंड लावून जोडली तर गुणसूत्राच्या *मधोमध* ही पुनरावृत्ती दिसायला हवी, आणि एका बिंदूनंतर ती उलटून सी-सी-सी-टी-ए-ए व्हायला हवी. शिवाय गुणसूत्राला कंबर एकच असते; इथे दुसऱ्या, बंद पडलेल्या कंबरेचे अवशेष हवेत.

माणसाच्या २ क्रमांकाच्या गुणसूत्रात हे सगळं आहे. सांध्याची जागा १९९१ मध्ये सापडली, पूर्ण वाचन २००५ मध्ये, म्हणजे खटल्याच्याच वर्षी प्रसिद्ध झालं. चिंपांझीच्या ज्या दोन गुणसूत्रांशी ते ओळीने जुळतं त्यांना आता २अ आणि २ब म्हणतात.

आता गळलेल्या ओळीचं उदाहरण. क जीवनसत्त्व बनवण्याची शेवटची पायरी करणारं जनुक बहुतेक सस्तन प्राण्यांत चालू असतं. लेमूरमध्ये चालू. टार्सियर, माकडं, वानर, माणूस यांच्यात बंद, पण मोडके तुकडे अजून जागेवर पडलेले. गिनीपिगमध्येही बंद आहे, पण तिथली मोडतोड वेगळी, म्हणजे ती पोथी स्वतंत्रपणे फाटली. निर्मात्याने प्रत्येक जीव वेगळा घडवला असेल तर मोडकं जनुक तरी कशाला घडवायचं, आणि तेही कुळागणिक सारखंच मोडून?

साशंक
दुसरी बाजूही मांडतो. सांध्याच्या जागी पुनरावृत्ती जेमतेम ८०० अक्षरांची आहे, खऱ्या टोकाला ती हजारोंनी असते. जी आहे तीही ठिकठिकाणी बिघडलेली. आणि ही जागा म्हणे एका जनुकाच्या आत पडते. मग सांधा कसला?

गुणसूत्र_४६
@साशंक, आक्षेप जुनाच आहे पण चांगला आहे.

लांबी: टोकाची पुनरावृत्ती टिकवणारं विकर फक्त टोकावर काम करतं. टोक मधे अडकलं की देखभाल संपली, लाखो वर्षं बदल साचत राहणार. बिघडलेली नसती तरच नवल होतं. शिवाय टोकं चिकटतात ती बहुधा आधीच झिजून आखूड झाल्यावर. लांब टोक हे चिकटू नये म्हणूनच असतं.

जनुक: ते ज्या कुळातलं आहे, डीडीएक्स११एल, त्या कुळाच्या प्रती माणसाच्या कितीतरी गुणसूत्रांच्या *टोकांजवळ* सापडतात. टोकांजवळ राहणारं जनुक गुणसूत्राच्या मधोमध काय करतंय, याचं उत्तर तुम्हीच द्या.

शब्दखूण
थोडं अवांतर. 'ही तर फक्त थिअरी आहे' हे वाक्य मराठीत म्हणून बघा. 'हा तर फक्त सिद्धांत आहे.' हसू येतं. सिद्धांत म्हणजे सिद्ध होऊन शेवटाला पोचलेली गोष्ट. 'फक्त सिद्धांत' म्हणजे 'फक्त सर्वोच्च न्यायालय'. म्हणूनच आपल्याकडे हा आक्षेप घेणारा माणूस मराठी बोलता बोलता नेमका इथे इंग्रजी शब्द वापरतो. परिभाषेत यासाठी 'उपपत्ती' आहे आणि न तपासलेल्या अंदाजासाठी 'गृहीतक'. डोव्हरच्या निवेदनाने उपपत्तीला गृहीतकाच्या पाटावर बसवलं.

उलट आपली गोची 'उत्क्रांती' या शब्दात आहे. 'उत्' म्हणजे वर. मग मुलं धरून चालतात की सगळे जीव जिना चढतायत आणि वरच्या पायरीवर माणूस. वर क जीवनसत्त्वाचं उदाहरण आलंच आहे. त्यात 'उत्' काय आहे?

वेदोक्त
हा सगळा ख्रिश्चनांचा घरगुती वाद आहे. सहा दिवसांत सृष्टी आणि सहा हजार वर्षांची पृथ्वी मानली की असं होतं. आपल्याकडे संघर्षच नाही. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन... क्रम पाहा. डार्विनच्या आधी सांगितलंय.

शेंडीतुटो
आला, आला! मी १४व्या प्रतिसादाची पैज लावली होती, आठव्यालाच आला.

मोडीवाचक
वेदोक्त, कालगणनेचा तुमचा मुद्दा मान्य. कोट्यवधी वर्षांची आपल्याला भीती नाही, युगं-कल्पांची सवय आहे.

पण दशावतार जुळवताना तीन ठिकाणी अडकायला होतं. एक, अवतारात तोच एक प्रत्येक वेळी नव्याने *खाली* येतो. माशाचं कासव होत नाही. उत्क्रांतीत पूर्वज-वंशज हे नातंच सगळं काही आहे. दोन, नरसिंह. सिंहाचं डोकं आणि माणसाचं धड असलेला मधला टप्पा जीवाश्मांत मिळाला तर त्या दिवशी डार्विनच बाद होईल, कारण दोन दूरच्या फांद्यांचा असा सांधा उत्क्रांतीत बसत नाही. तीन, यादीच ठरलेली नाही. कुठे बलराम, कुठे बुद्ध, आणि आपल्याकडच्या काही शिल्पांत आणि जुन्या पंचांगांच्या चित्रांत नवव्या जागी चक्क विठोबा कटेवर हात ठेवून उभा. भक्तीला यात काहीच अडचण नाही. अडचण जीवशास्त्राचा पुरावा म्हणून वापरलं की येते.

घाटावरचा
'आपल्याकडे संघर्षच नाही' यावर: जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातल्या एका राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेतच (आताचं छत्रपती संभाजीनगर) सांगितलं होतं की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिलेलं नाही, सबब डार्विन चूक, अभ्यासक्रम बदला. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना एकत्र निवेदन काढावं लागलं. तेव्हाचे शिक्षणखात्याचे मंत्री जावडेकर यांनी 'अशी विधानं टाळा' अशी समज दिल्याचं जाहीर केलं आणि विषय मिटला. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती गेलीच. 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा नुसता 'आनुवंशिकता' राहिला. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी खुलं पत्र लिहिलं.

साशंक
पण त्याच कात्रीत दहावीची आवर्त सारणीही गेली. मेंडेलीव्हवर कुणाचा धार्मिक राग असेल असं वाटत नाही. कोविडनंतर भार कमी करायचा होता एवढंच अधिकृत कारण आहे. कापाकापी वाईट असेल, पण हेतू चिकटवायला डोव्हरसारखे कागद लागतात.

घाटावरचा
हेतूबाबत मान्य, कागद नाहीत. परिणाम मात्र कागदाविना दिसतो. बारावीच्या जीवशास्त्रात धडा शिल्लक आहे, पण दहावीनंतर जो वाणिज्य, कला किंवा नुसतं गणित घेतो त्याला तो कधीच भेटणार नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. पेरिपॅटस, प्लॅटिपस, लंगफिश असे दोन प्राणिगटांना जोडणारे दुवे सगळे हजर.

खडकवासी
राज्य मंडळाच्या त्याच धड्याबद्दल एक तक्रार. जीवाश्मांच्या वयासाठी तिथे कार्बनी वयमापन दिलं आहे. तत्त्व बरोबर, पण मुलांच्या डोक्यात बसतं की डायनोसॉरचं वय कार्बनने काढतात, आणि इथेच विरोधकांना आयती फट मिळते.

कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. सुमारे ५० हजार वर्षांनंतर मूळच्या ४०० भागांत एक भागही उरत नाही. त्यापुढे हवेतला, हाताळणीतला, यंत्रातला ताजा कार्बन किंचित मिसळला तरी तोच मोजला जातो. म्हणून कोळशाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला की '४५ हजार वर्षं' असा आकडा येतो आणि निर्मितीवादी तो मिरवतात. तो आकडा कोळशाचा नसतो, पद्धतीच्या तळाचा असतो. मापपट्टी संपली की शेवटचाच आकडा वाचला जाणार.

जुन्या खडकांना पोटॅशियम-अरगॉन (अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षं) किंवा झिरकॉन स्फटिकातलं युरेनियम-शिसं लावतात. आणि बहुतेक वेळा जीवाश्माचं वय थेट काढतच नाहीत. खालच्या आणि वरच्या ज्वालामुखी थराचं काढतात, जीवाश्म मधे अडकलेला. आपल्या दख्खनच्या पठाराइतकं सोयीचं उदाहरण नाही. लाव्हाचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे, आणि दोन लाव्हांमधल्या तळ्याच्या गाळात वरळीला बेडकांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. हा पुढे डार्विनचा कट्टर विरोधक. पाठ्यपुस्तकात पेरिपॅटसशेजारी वरळीचा बेडूक का नाही देवास ठाऊक.

जाता जाता 'फटी'बद्दल. मासे आणि चतुष्पाद यांच्यातली फट भरायला शोधकांनी आधी वय ठरवलं (३८.५ ते ३६.५ कोटी वर्षांच्या मधलं), मग खडकाचा प्रकार (नदीचा गाळ), मग नकाशावर असा खडक उघडा कुठे आहे ते पाहिलं. उत्तर कॅनडाच्या एल्स्मिअर बेटाकडे निघालं. १९९९ पासून काही उन्हाळे हात हलवत परतले, २००४ मध्ये टिक्टालिक मिळाला: खवले आणि कल्ले माशाचे, पण मान वळणारी आणि पोहायच्या परांच्या आत मनगटासारखी हाडं.

वरणफळ
आणि लगेच एका फटीच्या दोन फटी झाल्या.

तुर्कस्तानातून एक सचित्र अवजड ग्रंथ २००७ च्या सुमारास युरोपातल्या शाळांना फुकट पाठवला गेला होता. जीवाश्म आणि आजचा प्राणी शेजारी शेजारी, 'बघा, काही बदललं नाही'. त्यातल्या एका 'आजच्या' किड्याच्या पोटातून लोखंडी गळ बाहेर आलेला दिसतो. तो मासेमारीचा खोटा किडा होता. एवढं स्पष्ट इंटेलिजंट डिझाइन दुसरीकडे मिळणार नाही.

कायद्याचं_बोला
मूळ धाग्याकडे. तळटीप, 'विज्ञान जिंकलं नाही' हे अर्धंच खरं. आयडी विज्ञान आहे की नाही हे ठरवा अशी विनंती *दोन्ही* बाजूंनी केली होती. निकालात त्याची तीन कारणं आहेत: आयडी अलौकिक कारणाला आत घेतं, 'उत्क्रांती चूक म्हणजे आयडी बरोबर' असं खोटं द्वैत मांडतं, आणि उत्क्रांतीवरचे त्याचे आक्षेप शास्त्रज्ञांनी खोडलेले आहेत. आयडीचे मुख्य साक्षीदार मायकेल बीही यांनी उलटतपासणीत मान्य केलं की त्यांच्या व्याख्येने फलज्योतिषही थिअरीत बसेल. प्रतिकारसंस्थेच्या उत्क्रांतीवर विज्ञानाकडे उत्तर नाही असं ते लिहीत. वकिलांनी त्यांच्यापुढे ५८ शोधनिबंध आणि काही पुस्तकं ठेवली. त्यांचं उत्तर: पुरेसं नाही.

पण हा निकाल वर गेलाच नाही. ८ नोव्हेंबर २००५ च्या निवडणुकीत जुने आठही उमेदवार पडले आणि नव्या मंडळाने अपील केलं नाही. त्यामुळे इतर राज्यांवर तो बंधनकारक नाही. मंडळाला तो पडला १०,००,०११ डॉलरला. वरचे ११ डॉलर म्हणजे प्रत्येक पालकाला एक. शिवाय ज्या 'लेमन' कसोटीवर हेतू तपासला ती २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली. आज तोच खटला त्याच वाटेने जाणार नाही.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: जीवशास्त्राच्या शिक्षकांनी निवेदन वाचायला नकार दिला. आधार धर्माचा नव्हता, राज्याच्या शिक्षक-आचारसंहितेचा होता: विषयाची जाणूनबुजून चुकीची मांडणी करायची नाही. शेवटी जानेवारी २००५ मध्ये ते प्रशासनातल्या लोकांना वर्गात जाऊन वाचावं लागलं.

तळटीप
माझं मत पातळ झालं हे कबूल. पण प्रश्न शिल्लक आहे. आपल्याकडे तपासायचं काय?

कायद्याचं_बोला
घटनेचा आधार इथे पातळ आहे. कलम २८(१) पूर्ण सरकारी खर्चाच्या संस्थेत धार्मिक शिक्षणाला मनाई करतं, पण २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने *धर्मांविषयी* शिकवायला हरकत नाही असं म्हटलं. ५१अ(ह) मधला वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य आहे, त्यावर थेट दावा उभा राहत नाही. तेव्हा आधी कागद.

कागद मिळवायचा रस्ता आपल्याला योगायोगाने डोव्हरची सुनावणी चालू असतानाच मिळाला. माहितीचा अधिकार १२ ऑक्टोबर २००५ ला पूर्ण लागू झाला. राज्याच्या पुस्तकासाठी अर्ज जनमाहिती अधिकाऱ्याकडे, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

लोक हमखास चुकतात ते इथे: अर्जात 'हा परिच्छेद का घातला?' असं विचारतात. 'का'चं उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, अर्ज तिथेच संपतो. मागायचं ते असं: अमुक धड्याच्या सर्व मसुद्यांच्या प्रती तारखांसह, विषय समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, समीक्षकांचे लेखी अभिप्राय आणि नस्तीवरच्या टिप्पण्या.

मोडीवाचक
आणि मसुदे आले की व्याख्या आधी वाचू नका. कंसातली उदाहरणं आणि निर्देशसूची वाचा. व्याख्या सगळे जपून बदलतात, मासे आणि पिसं तशीच राहतात.

वरणफळ
१५० शब्दांत? या धाग्यावर कुणाला 'नमस्कार' तरी तेवढ्यात जमतो का?

शेंडीतुटो
शंभरी हुकली. वाचनखूण साठवली आहे.